जेमतेम आणि करकचून

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी पोस्टमन सही घेऊन लिफाफा देऊन गेला. चौकशीचा अहवाल. नऊ पानं, सगळी इंग्रजीत. शेवटच्या पानावर शिफारस: मला कामावरून काढून टाकावं.

बावीस वर्षं बॉयलर चालवतोय. कापड रंगवायच्या कारखान्यात वाफ नसली तर रंग कापडाला धरत नाही, आणि ती वाफ माझ्या हातची. दर तासाला लॉगबुकात नोंद करायची: दाब किती, पाणी किती, धूर कसा. निलंबित होऊन तेवीस दिवस झाले, हाताला नुसती खाज सुटलीय. म्हणून ट्रंकेतली ही कोरी वही काढली. निदान माझी तरी नोंद राहील.

झालं ते असं. १८ जानेवारीला, शनिवारी, माझी सकाळची पाळी होती. पावणेदोनला मी बॉयलरच्या तळाचा गाळ उडवला. म्हणजे खालचा व्हॉल्व्ह काही सेकंद उघडायचा, गाळासकट थोडं पाणी बाहेर फेकायचं आणि व्हॉल्व्ह परत बंद करायचा. मी केला. पण तो आतून झिजलेला होता, बंद करूनही पाझरत राहिला. दोन चाळीसला पाहतो तर पाण्याची पातळी दाखवणारी काच रिकामी. धावत जाऊन आग बंद केली. कोणाला इजा झाली नाही, पण आतल्या नळ्या वाकल्या आणि अकरा दिवस अख्खा कारखाना बसून राहिला.

अहवाल म्हणतो, "कर्मचाऱ्याने स्वतःच कबूल केले आहे की व्हॉल्व्ह त्याने नीट बंद केला नव्हता."

मी कबूल केलं? कधी? कोणापुढे? सोबत माझ्या जबानीची नक्कल जोडलीय. माझंच अक्षर, माझीच सही. चार वेळा वाचली. स्वच्छ लिहिलंय: आय क्लोज्ड द व्हॉल्व्ह हार्डली. मी व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. यात कबुली कुठून आली?

जबानी इंग्रजीतच लागते. चौकशी अधिकारी म्हणाले होते, "तुम्ही तोंडी सांगा, क्लार्क लिहील." मी म्हटलं, कशाला? मी लिहितो. आमच्या खात्यात इंग्रजी लिहिणारा मी एकटा.

हा मॅनेजरचा डाव आहे. माझ्या जागी कोणीतरी आपला माणूस भरायचा असेल.

ही म्हणाली, "वरच्या बाईंना दाखवा की."

मेलो तरी नाही, म्हटलं. वरच्या मजल्यावरच्या बाई छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफं तपासत होत्या. मी एकदा जिन्यात इंग्रजीत सूचना लावली होती, दार हळू लावा म्हणून. त्यावर त्यांनी लाल पेनाने तीन ठिकाणी काट मारली आणि खाली 'तपासले' लिहून सही केली. साऱ्या बिऱ्हाडांनी वाचली.

१३ फेब्रुवारी

सहज वर गेलो. हिच्या सांगण्यावरून नव्हे, गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला. बाईंचं दार उघडंच होतं. टेबलावर भिंग, लाल पेन, आणि समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्या. योगायोग असतो एकेक.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणलेत कागद?"

कागद माझ्या खिशातच होते.

बाईंनी जबानी भिंगाखाली धरली. मग पेनाचं टोक एका शब्दावर टेकवून विचारलं, "हार्ड म्हणजे?"

"घट्ट. जोराने."

"आणि हार्डली?"

"तेच की. त्याचं क्रियाविशेषण. शेवटी 'ली' लावलं की झालं. स्लो, स्लोली. केअरफुल, केअरफुली. हार्ड, हार्डली." नियम मला तोंडपाठ आहे. पंचवीस वर्षांपूर्वी रद्दीतून आणलेल्या व्याकरणाच्या पुस्तकात होता.

"नियम बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण तो सगळ्या शब्दांनी वाचलेला नाही. हार्डचं क्रियाविशेषण हार्डच. हार्डली म्हणजे जेमतेम. नावापुरतं. केलं न केल्यासारखं."

मी जबानी माझ्याकडे ओढली.

"तुम्ही लिहिलंय, मी व्हॉल्व्ह जेमतेम बंद केला."

खाली रस्त्यावर कोणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं. ती काही सुरू होईना. मी तेच ऐकत बसलो. डाव नाही, काही नाही. माझ्याच हाताने, माझ्याच अक्षरात, सहीनिशी.

१४ फेब्रुवारी

हिला सांगितलं, टायपिंगची चूक निघाली. ही म्हणाली, "हाताने लिहिलं होतं ना तुम्ही?" मी पाणी प्यायला उठलो.

१६ फेब्रुवारी

बाईंनी अपील लिहून दिलं. सुनावणी ११ मार्चला, तारीख अहवालासोबतच आली होती. तोवर रोज दुपारी वर जायचं, दहा वाक्यं लिहायची, असा हुकूम. मी म्हटलं, अपील तर गेलं, आता शाळा कशाला? "तिथे तुम्हाला विचारतील, मला नाही. स्वतःची चूक स्वतःला सांगता आली पाहिजे," म्हणाल्या.

आजच्या दहा वाक्यांत एक होतं: मी कष्टाने काम करतो. मी झोकात लिहिलं, आय वर्क हार्डली. लिहिल्यावर थबकलो. बाईही थबकल्या.

"हे वाक्य आधी कुठे लिहिलंत का हो?"

लिहिलंय. बढतीच्या अर्जात. पहिलंच वाक्य. पाच अर्ज, बावीस वर्षांत. 'मी जेमतेम काम करतो, तरी माझा विचार व्हावा ही विनंती.' मॅनेजरसाहेब दरवेळी अर्ज वाचून माझ्याकडे असं का बघायचे ते आज कळलं.

बाईंनी भिंग तोंडापुढे धरलं. हसत होत्या. भिंगातून मोठं झालेलं हसू फार वाईट दिसतं. मग मलाही आवरेना. महिनाभरात पहिल्यांदा हसलो.

१८ फेब्रुवारी

आज दुसरा शब्द सापडला. माझ्यानंतरच्या पाळीला जो येतो त्याला सगळे पाहुणा म्हणतात, कारण येतो उशिरा, जातो लवकर आणि आल्यावर आधी बसायला मागतो. त्या दिवशी तो दोनच्या ऐवजी दोन चाळीसला आला. बदली माणूस येईपर्यंत बॉयलर सोडायचा नाही असा नियम, म्हणून मी थांबलो होतो. हे मी लिहिलंय: माय रिलीव्हर केम लेटली.

"उशिरा म्हणजे लेट," बाई म्हणाल्या. "लेटली म्हणजे अलीकडे. 'माझा बदली माणूस अलीकडेच आलाय.' म्हणजे नवीन भरती."

आता अहवालाचं सातवं पान समजलं. तिथे लिहिलंय की मी खोटं बोलतो, कारण पाहुणा नऊ वर्षं नोकरीत आहे. रजिस्टरात त्याने वेळ दोनची टाकलीय, म्हणजे दोनलाच बॉयलर त्याच्या ताब्यात दिला असं धरलंय, आणि मी देताना पाणी तपासलं नाही म्हणे. ती चाळीस मिनिटं कुठे हिशेबातच नाहीत. आणि रजिस्टरात तो रोजच दोन लिहितो, आला कधीही असो.

पाहुण्याला फोन केला. उचलला नाही. परत केला. बंद.

२१ फेब्रुवारी

तिसरा. त्या दिवशी मी सकाळी दहाला जाता जाता फोरमनला थोडक्यात सांगितलं होतं की तळाचा व्हॉल्व्ह पाझरतोय, बदलायला हवा. तो घाईत होता, म्हणून थोडक्यात. लिहिलं, आय शॉर्टली टोल्ड द फोरमन. बाई म्हणाल्या, थोडक्यात म्हणजे ब्रीफली. शॉर्टली म्हणजे थोड्याच वेळात. व्हॉल्व्ह बंद केल्याच्या वाक्यानंतर हे वाक्य आलं, म्हणजे वाचणाऱ्याला वाटलं, मी अपघात झाल्यावर सांगायला गेलो.

मी म्हटलं, ही भाषा आहे की सापळा?

"चाळीस वर्षं मी त्या सापळ्यात बोट घालून पोट भरलं," बाई म्हणाल्या. "एकदा औषधाच्या चिठ्ठीवर 'क्वचित चक्कर येते' असं छापायचं होतं. रेअरलीच्या जागी रेग्युलरली पडलं होतं. मशीन सुरू झालेलं. मी जाऊन बटण दाबलं. मालक ओरडला, मी कागद त्याच्या नाकापुढे धरला." मग म्हणाल्या, "तुमच्या कामासारखंच ते. नजर हटली की संपलं."

मला तिथे बसवेना. लवकर खाली आलो.

२२ फेब्रुवारी

ही कपडे आखूड-लांब करायची कामं घेते, घरीच मशीन आहे. आज विचारलं, कुठे निघालीस एवढं मोठं बोचकं घेऊन? तर म्हणे पाहुण्याच्या घरी. त्याच्या बायकोचे पडदे शिवायचेत.

मी संतापलो. नवऱ्याची नोकरी चाललीय, तो माणूस फोन घेत नाही, आणि ही त्याच्या खिडक्या सजवतेय! ही म्हणाली, "पडद्यांनी काय घोडं मारलंय?" आणि गेली.

बायकांना कशाचं गांभीर्य नसतं.

२५ फेब्रुवारी

वर जायचं टाळत होतो, आज गेलोच. जबानी जवळजवळ सगळी तपासून झालीय. शेवटून तिसऱ्या ओळीवर बाईंनी पेन ठेवलं आणि उचललं नाही.

ओळ अशी आहे: आय युज्वली लुक अ‍ॅट द ग्लास एव्हरी फिफ्टीन मिनिट्स. मी एरवी दर पंधरा मिनिटांनी पाण्याची काच बघतो.

"हे बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"अगदी बरोबर. युज्वली म्हणजे एरवी. अचूक शब्द, अचूक जागी." चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "सबंध जबानीत तुमचा एकच 'ली' बरोबर पडलाय. तोच मला खटकतोय."

मी म्हटलं, उशीर होतोय.

"जा," त्या म्हणाल्या. "तो शब्द तुमचा तुम्ही बघा. ते माझं काम नाही."

२६ फेब्रुवारी

ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहून टाकतो.

त्या दिवशी दोन वाजले, पाहुणा आला नाही. मी हात धुतले, कपडे बदलले, दारातल्या बाकावर बसलो. सव्वादोन झाले. माझं डोकं तापलं. आठवड्यातली ही चौथी वेळ. मी घड्याळ हातात घेऊन रस्त्याकडे बघत बसलो आणि तो आला की काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होतो. एकेक वाक्य घासूनपुसून. अडीच झाले तेव्हा माझं भाषण इतकं छान जुळलं होतं की तो लवकर यावा असं वाटायला लागलं.

त्या चाळीस मिनिटांत मी काचेकडे एकदाही बघितलं नाही. बॉयलर माझ्या पाठीमागे दहा पावलांवर होता.

जबानी लिहिताना त्या ओळीशी आलो आणि थांबलो होतो. 'बघितलं' लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. 'नाही बघितलं' लिहायला हात धजेना. मग युज्वली सुचलं. किती आनंद झाला होता तो शब्द सुचल्याचा!

१ मार्च

ठरलं. बाकीचे तीन शब्द सांगायचे, चौथ्याला हात लावायचा नाही. तो बरोबर आहे, त्याला कोणी विचारणार नाही. खोटं तर बोलत नाहीये मी.

५ मार्च

ही आज परत पाहुण्याकडे. चौथी खेप. पडदे आहेत की तंबू? आली ती खुशीत होती, गुणगुणत होती. "माप बरोबर बसलं," म्हणाली. मी म्हटलं, छान, मला काढून टाकल्यावर आपण दोघं मिळून पडदे शिवू. तर म्हणे, "तुम्हाला सरळ शिवण यायची नाही."

८ मार्च

बाईंकडे शेवटची उजळणी. चुकलो नाही. त्यांनी पानाखाली 'तपासले' लिहून सही केली. चौथ्या शब्दाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

११ मार्च, मंगळवार

सगळं नीट, क्रमाने लिहितो.

ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावरची लांब खोली. भिंतीवर रंगांच्या छटांचे तक्ते, मधोमध टेबल. अपील समितीच्या अध्यक्षबाई मध्ये, केस पांढरे, समोर पाण्याची स्टीलची बाटली. दोन्ही बाजूंना एकेक सभासद, दोघंही शेवटपर्यंत गप्प. चौकशी अधिकारी आणि मॅनेजरसाहेब खिडकीपाशी. मदतनीस आणायची मुभा असते, म्हणून प्रूफवाल्या बाई माझ्या शेजारी, चष्मा दोरीने गळ्यात. ही बाहेर बाकावर बसली.

अध्यक्षबाईंनी जबानी वाचली आणि विचारलं, "तुम्ही स्वतःच म्हणताय, व्हॉल्व्ह जेमतेम बंद केला. मग अपील कशावर?"

मी उभा राहिलो. नियम पाठ होता. म्हटलं, "मॅडम, मी चुकलो, पण व्हॉल्व्ह बंद करताना नाही. लिहिताना चुकलो. मला म्हणायचं होतं घट्ट. म्हणजे हार्ड. मी त्याला 'ली' लावला आणि घट्टचं जेमतेम झालं."

चौकशी अधिकारी म्हणाले, "हे आता सुचतंय. वीस जानेवारीला स्वतःच्या अक्षरात जे लिहिलं तेच खरं."

मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "मॅडम, तुमची बाटली देता?"

त्यांनी दिली. मी टोपण लावलं आणि व्हॉल्व्हचं चाक फिरवतो तसं, करकचून, फिरवलं. बावीस वर्षांचा हात आहे. बाटली परत ठेवली. "मी व्हॉल्व्ह असा बंद केला. उघडून बघा."

अध्यक्षबाईंनी प्रयत्न केला. डावीकडच्या सभासदांनी केला. उजवीकडच्यांनी रुमाल लावून केला. शेवटी चौकशी अधिकारी पुढे आले, त्यांचा चेहरा लाल झाला, टोपण तसूभरही हललं नाही.

"साहेब," माझ्या शेजारून बाई म्हणाल्या, "हे हार्डली बंद आहे, की हार्ड?"

मॅनेजरसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, "नोंद करा. आणि आधी ही उघडून द्या, मला तहान लागलीय."

मग शॉर्टली. फोरमनला रजिस्टर घेऊन बोलावलं. तो म्हणाला, कधी सांगितलं ते आठवत नाही. अध्यक्षबाईंनी पानं उलटली आणि बोट ठेवलं: अठरा जानेवारी, सकाळी दहा वीस, तळाच्या व्हॉल्व्हसाठी स्टोअरकडे मागणी, खाली फोरमनची सही. "यांनी अपघातानंतर सांगितलं, तर तुम्ही चार तास आधी मागणी कशी लिहिलीत?" फोरमन म्हणाला, "आता आठवलं."

राहिला लेटली. इथे माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. रजिस्टरात पाहुण्याची वेळ दोन. मी शब्दाचा अर्थ समजावून सांगितला, पण नुसत्या अर्थाने माणूस उशिरा आल्याचं थोडंच सिद्ध होतं?

तेवढ्यात दार उघडलं आणि साक्षात पाहुणा आत आला. नवा शर्ट, भांग पाडलेला, चेहरा पडलेला.

"मला सांगायचंय," म्हणाला. "मी त्या दिवशी दोनला नाही आलो. दोन चाळीसला आलो. दादा थांबले होते. आग दादांनी बंद केली, मी नुसता दारात उभा होतो."

"रजिस्टरात दोन आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"ते मी रोजच लिहितो."

"हे आज का सांगताय?"

त्याने मागे दाराकडे पाहिलं. "बायको बाहेर उभी आहे."

उघड्या दारातून मला दिसलं, त्याची बायको खरंच उभी होती, आमच्या हिच्या शेजारी. हिने तिचा हात धरला होता. पडद्यांच्या निमित्ताने बरीच गट्टी जमलेली दिसते. पाहुण्याला मात्र मानलं. आदल्या आठवड्यात मी त्याच्या फोनवर एक कडक मेसेज ठेवला होता, त्याचा परिणाम झाला असणार.

त्याची जबानी लिहून झाली. अध्यक्षबाईंनी कागद एकत्र केले. म्हणाल्या, "निर्णय आठवडाभरात कळेल. तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

नाही म्हणायचं ठरलं होतं. जिंकल्यात जमा होतो. पण पाहुणा अजून तिथेच उभा होता, मान खाली घालून, कान लाल. नोकरी त्याचीही होती. तो आत येऊन बोलला होता.

मी म्हटलं, "एक शब्द राहिलाय. युज्वली."

"तो तर बरोबर आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे, मॅडम. म्हणूनच वापरला. मी एरवी पंधरा मिनिटांनी काच बघतो. त्या दिवशी नाही बघितली. चाळीस मिनिटं मी याची वाट बघत रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो. मला राग आला होता. मागे वळून पाहिलं असतं तर नळ्या वाचल्या असत्या."

चौकशी अधिकाऱ्यांचं पेन वर उचललेलं तसंच राहिलं. अध्यक्षबाईंनी समोरच्या जबानीत त्या शब्दाखाली एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "बसा." आवाज वेगळा होता. चांगला की वाईट, कळलं नाही.

जिना उतरताना प्रूफवाल्या बाई दोन पायऱ्या पुढे होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "आता जबानी छापायला हरकत नाही."

हिला बाहेर आल्यावर सगळं सांगितलं, युज्वलीसकट. वाटलं, चिडेल. म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुम्ही झोपेत 'काच, काच' करत होतात."

१५ मार्च

काही कळलं नाही. हिचं मशीन उघडून तेल घातलं. जबानीचा विचार केला. पुन्हा तसंच बोललो असतो का? हो. पण भीती वाटतेय.

१९ मार्च, बुधवार

आला! लिफाफा फोडायला हात चालेना, हिने कात्रीने कापला. मी न वाचता तसाच जिना चढलो, ही मागोमाग. बाईंनी उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली.

बडतर्फीची शिफारस रद्द. कामावर परत. काच न बघितल्याबद्दल लेखी ताकीद, ती सेवापुस्तकात राहील. राहू दे, ती माझीच आहे. पाहुण्यालाही ताकीद, आणि त्याच्या रजिस्टरावर आता फोरमनची सही लागणार. झिजलेला व्हॉल्व्ह बदलला, पाणी कमी झालं की भोंगा वाजेल अशी सोय होणार.

मग बाई थांबल्या, चष्मा नीट केला आणि पुढचा परिच्छेद हळू वाचला. इथून पुढे कारखान्यातली कोणतीही जबानी कामगाराच्या स्वतःच्या भाषेत घ्यावी. इंग्रजी भाषांतर जोडावं, पण सही करण्याआधी ते कामगाराला समजावून सांगावं. खरी धरायची ती मूळ जबानी.

"हे तुमच्यामुळे," बाई म्हणाल्या.

"माझ्या चुकांमुळे."

"तेच म्हणतेय."

शेवटी एक ओळ माझ्याबद्दल होती. पाणी संपल्याचं दिसताच अपीलकर्त्याने प्रॉम्प्टली आग बंद केली, म्हणून मोठी दुर्घटना टळली.

"प्रॉम्प्टली म्हणजे?" मी विचारलं. आता मी कुठल्याच 'ली'वर विश्वास ठेवत नाही.

"तत्परतेने. क्षणाचाही वेळ न दवडता. यात काट मारायला जागा नाही."

मी म्हटलं, परत वाचा. त्यांनी वाचलं. ही म्हणाली, "अजून एकदा." तेव्हा बाईंनी कागद तिच्या हातात दिला आणि स्वतः स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळ सोडल्याचा आवाज येत होता.

२४ मार्च, सोमवार

सकाळची पाळी. सहाला दहा कमी असताना गेटवर पोचलो. मॅनेजरसाहेब तिथेच उभे. हात पुढे करून म्हणाले, "अर्ज करा पुन्हा. या वेळी तुमच्या भाषेत." मी म्हटलं, इंग्रजीतच करणार. आता येतं.

बॉयलरकडे जायची वाट रंगखात्यातून आहे. दोन्ही बाजूंना मोठमोठी पिंपं, मधून अरुंद बोळ. मी आत पाऊल टाकलं आणि कोपऱ्यातल्या एका बाईने ढवळायच्या दांड्याने पिंपावर ठोका दिला. मग दुसरीने. मग पलीकडच्या रांगेने. बघता बघता पन्नास-साठ पिंपं घणघणायला लागली, वरचं पत्र्याचं छप्पर थरथरलं. कोणीतरी ओरडलं, "आता आमच्या भाषेत!" आणि ठोके दुप्पट झाले. मी कुठे बघावं ते न कळून सरळ चालत राहिलो. बोळ एवढा लांब कधीच नव्हता.

टोकाला पाहुणा उभा होता. त्याची पाळी दोनची, हा सहालाच हजर. माझा डबा हातातून घेत म्हणाला, "दादा, डोळ्यांना काय झालं?"

"वाफ लागली," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. रविवारची सुट्टी होती, बॉयलर थंड होता. तो मलाच पेटवायचा होता.